वेस्टची नळी कुठं जाते? मेम्ब्रेन हाताळू पाहणाऱ्या सीमाभागातल्या नवशिक्यांसाठी

खानापूरपासून चिकोडीपर्यंत कुठल्याही मोठ्या गावात गेलात तर 'शुद्ध कुडियुव नीरिन घटक', म्हणजे शुद्ध पिण्याच्या पाण्याचं केंद्र, अशी कन्नड पाटी लावलेली एक पत्र्याची खोली दिसते. नाणं टाकायचं, वीस लिटरचा कॅन भरायचा आणि गाडीवर ठेवून निघायचं. आतला पोरगा कुणी विचारलंच तर खिशातून टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारा) काढतो, पाण्यात बुडवतो आणि आकडा दाखवतो. आकडा चाळीसच्या आत असला की आपण निर्धास्त होतो.

हा लेख त्या पोरासाठी आहे. रसायनशास्त्र किंवा सिव्हिल शिकणाऱ्या आणि या विषयात प्रकल्प करायचं मनात असलेल्या मुला-मुलींसाठीही आहे. औषधं, तणनाशकं, प्लॅस्टिकमधली रसायनं, न चिकटणाऱ्या तव्यांच्या लेपासारख्या उद्योगांतली फ्लोरिनयुक्त रसायनं यांना सध्या 'नवे प्रदूषक' म्हणतात. मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा अतिपातळ पडदा, त्यांना किती अडवते, हे स्वतः कसं तपासायचं आणि अडवलेलं पुढं कुठं जातं, एवढंच इथं सांगायचं आहे. शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मेम्ब्रेन काहीच नष्ट करत नाही. ती एका पाण्याची दोन पाणी करते, एक गोडं आणि दुसरं अडवलेलं सगळं घेऊन जाणारं 'वेस्ट', आणि आपण त्यातलं एकच बघतो.

आधी मीटरवरचा विश्वास तपासा

घटकातलं पाणी पेलाभर घ्या आणि टीडीएस मोजा. मग त्यात चमचाभर साखर विरघळवून पुन्हा मोजा. आकडा जवळजवळ जागचा हलत नाही. मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो. मीठ, चुना, मॅग्नेशियम यांचे विद्युतभारित कण वीज वाहतात, साखर वाहत नाही. पॅरासिटामॉल, कॅफिन किंवा अॅट्राझिन हे तणनाशकही नेहमीच्या पाण्यात साखरेसारखंच वागतं. जी औषधं भारित असतात तीसुद्धा पाण्यात इतकी थोडी असतात की मीटरला त्यांचा पत्ता लागत नाही.

थोडी म्हणजे किती? हे प्रदूषक लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये, पुष्कळदा नॅनोग्रॅममध्ये मोजतात. दहा हजार लिटरचे शंभर टँकर ओळीनं उभे करून त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम औषध टाकलं, तर लिटरमागे एक मायक्रोग्रॅम होतं. अमेरिकेनं २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या दोन फ्लोरिनयुक्त रसायनांसाठी पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची मर्यादा ठरवली. म्हणजे अडीच लाख लिटरमध्ये एक मिलिग्रॅम.

आपल्याकडे हे येणार कुठून? बेळगावचं सांडपाणी बळ्ळारी नाल्यातून शहापूर-वडगावच्या शिवारातून वाहतं. पावसाळ्यात नाला फुगला की तेच पाणी भाताच्या वाफ्यांत शिरतं, हे तिथल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. शहरात मोठी इस्पितळं आहेत, घरोघरी बीपी-साखरेच्या गोळ्या आहेत, आणि गोळीतला बराच भाग शरीरातून जसाच्या तसा बाहेर पडतो. चिकोडी, रायबाग, अथणीकडं उसात तणनाशक मारतात. निपाणीकडं तंबाखू आहे. म्हणून तुमच्या विहिरीत हे सगळं आहेच, असं मी म्हणत नाही. असू शकतं, आणि मोजल्याशिवाय कळत नाही.

नमुना घेण्यातच निम्मं काम

एवढ्या बारीक मापाची तपासणी एलसी-एमएस नावाच्या महागड्या यंत्रावर होते. त्यासाठी नमुना पुण्याला किंवा बेंगळूरला पाठवावा लागतो. खर्च मोठा असल्यामुळं नमुना बिघडू देणं परवडत नाही.

औषधं आणि तणनाशकं तपासायची असतील तर गडद तपकिरी काचेची बाटली घ्या, कारण काही औषधं उन्हात मोडतात आणि काही प्लॅस्टिकला चिकटतात. फ्लोरिनयुक्त रसायनांसाठी मात्र उलट आहे. ती काचेला चिकटतात, म्हणून तिथं पॉलिप्रॉपिलीनची बाटली लागते. झाकणाच्या आत टेफ्लॉनचा थर नको, नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेपही जवळपास नको. त्या दिवशी हाताला मलम, दुखण्यावरचं जेल किंवा सनस्क्रीन लावू नका. दुखऱ्या गुडघ्याला लावलेलं डायक्लोफिनॅक बोटावरून बाटलीत उतरतं आणि अहवालात तुमच्या विहिरीच्या नावावर जमा होतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो प्रवासातही औषधांवर काम करत राहतो, म्हणून तो मारणारं रसायन बाटलीत आधीच घालून द्यायला प्रयोगशाळेला सांगा. बाटली थर्माकोलच्या पेटीत बर्फात ठेवा आणि रात्रीच्या बसनं पाठवा.

आणखी एक बाटली शुद्ध पाण्याची भरा. ती विहिरीपाशी उघडा, बंद करा आणि बाकीच्यांबरोबर पाठवा. तिच्यात औषध सापडलं तर दोष विहिरीचा नाही, तुमच्या हाताचा किंवा बाटलीचा. ही जास्तीची बाटली नवशिके हमखास वाचवतात, आणि नेमकी तीच वाचवायची नसते.

नमुना कधी घेता यालाही अर्थ आहे. एप्रिल-मे मध्ये नाल्यात सांडपाण्याशिवाय फारसं काही नसतं. ऑगस्टमध्ये त्यात पावसाचं पाणी मिसळलेलं असतं. एकाच वेळी घेतलेल्या नमुन्यावरून वर्षभराचा निष्कर्ष काढू नका.

कुठली मेम्ब्रेन?

दुकानात यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन), एनएफ (नॅनोफिल्ट्रेशन), आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) ही नावं भाव सांगताना येतात. तुम्ही ती आकारानं ओळखा. यूएफची भोकं ०.०१ ते ०.१ मायक्रॉनची असतात. जंतू आणि गढूळपणा तिथं अडतो. औषधाचा रेणू साधारण एक नॅनोमीटरचा, म्हणजे ०.००१ मायक्रॉनचा. तो यूएफमधून सरळ निघून जातो, म्हणून नुसत्या यूएफच्या घरगुती यंत्रानं औषधं निघत नाहीत. यूएफच्या आधी पाण्यात सक्रिय कोळशाची पूड घोळली तर गोष्ट बदलते. औषध कोळशाला चिकटतं आणि कोळसा यूएफला अडतो.

एनएफ साधारण २०० ते ४०० डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) पुढचे रेणू धरते. आरओ त्याहून घट्ट असते. तिला खरं तर भोकंच नसतात. पाणी तिच्या अतिपातळ थरात विरघळून पलीकडं निघतं. अशी मीठ अडवणारी आणि तरीही भरपूर पाणी सोडणारी मेम्ब्रेन प्रथम लोब आणि सौरिराजन या दोघांनी कॅलिफोर्नियात १९६० च्या आसपास बनवली. यातले श्रीनिवास सौरिराजन भारतीय वंशाचे. आज आपण वापरतो तो पॉलिअमाइडचा थर त्यानंतर आला.

आता काही वजनं ध्यानात ठेवा. पॅरासिटामॉल १५१ डाल्टन, कॅफिन १९४, अॅट्राझिन २१६, कार्बामाझेपिन (फिट्सवरचं औषध) २३६, सल्फामेथॉक्साझोल (प्रतिजैविक) २५३, डायक्लोफिनॅक २९६, पीएफओएस ५००. यादी पाहिली की वाटतं, २०० डाल्टनची चाळणी आणली म्हणजे काम झालं. तसं होत नाही, आणि इथंच हा विषय रंगतो.

वजनाइतकाच विद्युतभार महत्त्वाचा. पॉलिअमाइडचा पृष्ठभाग नेहमीच्या पाण्यात ऋणभारित असतो. डायक्लोफिनॅकही पीएच ७ ला ऋणभारित असतो. सारख्या भाराचे एकमेकांना ढकलतात, त्यामुळं तो चांगला अडतो. कार्बामाझेपिनवर भार नाही, त्याला फक्त आकारावर अडावं लागतं. म्हणून जवळपास सारख्या वजनाची दोन औषधं एकाच एनएफवर वेगळी वागतात. तिसरी गोष्ट पाण्याला न आवडणाऱ्या रेणूंची, उदाहरणार्थ इस्ट्रोजेनसारखी संप्रेरकं. ती मेम्ब्रेनला चिकटतात. पहिल्या दिवशी पलीकडं काहीच सापडत नाही आणि निकाल उत्तम वाटतो. चार दिवसांनी मेम्ब्रेन भरली की तीच संप्रेरकं हळूहळू पलीकडं उतरायला लागतात. पहिल्या तासाच्या नमुन्यावर शंभर टक्के लिहिलेला प्रकल्प माझ्या हाती आला तर मी तो परत करतो.

क्लोरीनच्या प्रक्रियेतून तयार होणारा एनडीएमए फक्त ७४ डाल्टनचा आहे. तो आरओमधूनही बराचसा निसटतो.

आपल्या भागापुरतं बोलायचं तर खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेकडं पाऊस भरपूर, पाणी हलकं. तिथं मीठ काढायला आरओची गरज क्वचितच असते. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, आणि त्याखालच्या पाण्यावर आरओ लावू नये, असं राष्ट्रीय हरित लवादानंही २०१९ मध्ये म्हटलं होतं. अशा ठिकाणी औषधांची खरोखर काळजी असेल तर कोळसा आणि यूएफ, किंवा एनएफ यांचा विचार आधी करा. पूर्वेकडं काळ्या मातीत बोअरचं पाणी जड लागतं, तिथं आरओ समजण्यासारखी आहे.

स्वतःचा प्रयोग मांडा

एलसी-एमएस नसली तरी कॉलेजात यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर (नमुना अतिनील प्रकाश किती शोषतो ते मोजणारं यंत्र) बहुतेक असतो. पॅरासिटामॉल २४३ नॅनोमीटरचा प्रकाश जोरात शोषतं, म्हणून ते यावर मोजता येतं. ते लहान आहे आणि त्यावर भारही नाही. म्हणजे मेम्ब्रेनची ही कठीण परीक्षा आहे.

सामान घरगुती आरओच्या दुकानात मिळतं: ८० जीपीडीची (दिवसाला ८० गॅलन) नवी मेम्ब्रेन, तिचं हाउसिंग, बूस्टर पंप आणि अॅडॅप्टर, गाळ अडवणारी सेडिमेंट कॅन्डल, वेस्टच्या नळीवर बसवायचा एफआर (फ्लो रिस्ट्रिक्टर, म्हणजे प्रवाह आवळणारा तुकडा) आणि साधा प्रेशर गेज. शिवाय ५० लिटरचा स्वच्छ ड्रम. या ड्रमवर आणि हाउसिंगवर रंगानं 'पिण्यासाठी नाही' लिहा, मराठीत आणि कन्नडमध्येही. प्रयोग संपल्यावर हे सामान कधीही स्वयंपाकघरात जाता कामा नये.

कोळशाची कॅन्डल मुद्दाम लावू नका, नाहीतर कोळशाचं काम मेम्ब्रेनच्या खात्यावर लिहाल. पण कोळसा नाही म्हणजे क्लोरीन थेट मेम्ब्रेनवर येणार, आणि पॉलिअमाइड क्लोरीननं कायमचं खराब होतं. क्लोरीन पॅरासिटामॉललाही मोडतो. म्हणून क्लोरीन न टाकलेल्या विहिरीचं पाणी घ्या.

पाणी ड्रममधून कॅन्डल, पंप आणि मेम्ब्रेन असं जाऊ द्या. गोड्या पाण्याची नळी आणि वेस्टची नळी दोन्ही परत ड्रममध्येच सोडा. त्यामुळं ड्रममधलं प्रमाण बदलत नाही आणि तुम्ही तासन्‌तास प्रयोग चालवू शकता. पंप पाणी तापवतो. ड्रममध्ये थर्मामीटर टांगा आणि पाणी फार तापलं तर थांबा.

आधी नवी मेम्ब्रेन साध्या पाण्यानं तीन-चार तास धुवा, तिच्यातलं जतनाचं रसायन निघून जाऊ द्या. हे पाणी फेकून ड्रममध्ये ताजं विहिरीचं पाणी भरा आणि अर्धा तास चालवा. आता दोन नमुने घ्या, एक ड्रममधला आणि एक गोड्या नळीचा. हे तुमचे 'कोरे' नमुने. विहिरीच्या पाण्यात पाल्यापाचोळ्याचे अंश असतात, तेही या प्रकाशाला शोषतात. प्रत्येक वाचनातून त्याचा त्याचा कोरा आकडा वजा करायचा.

मग ५०० मिलिग्रॅमची साधी पॅरासिटामॉल गोळी घ्या, दुसरं औषध मिसळलेली नको. कुटून लिटरभर कोमट पाण्यात ढवळा, गाळणकागदातून गाळा, ड्रममध्ये ओता. ५० लिटरमध्ये लिटरमागे १० मिलिग्रॅम झालं. क्वार्ट्झच्या एक सेंटिमीटर क्युव्हेटमध्ये (यंत्रात नमुना ठेवायची छोटी कुपी) वाचन ०.६६ च्या आसपास यायला हवं. साधी काच चालत नाही, ती हा प्रकाश स्वतःच गिळते. आकडा फार कमी आला तर गोळी नीट विरघळली नाही असं समजा.

पंप सुरू करा. अर्ध्या तासानं, दोन तासांनी आणि सहा तासांनी दोन्ही ठिकाणचे नमुने घ्या. प्रत्येक वेळी मोजमापाच्या भांड्यात मिनिटभर पाणी धरून दोन्ही नळ्यांचा वेग लिहा. दाब, तापमान आणि टीडीएसही लिहा.

समजा ड्रमचं वाचन ०.६६ आणि गोड्या नळीचं ०.०७ आलं. ०.०७ ला ०.६६ नं भागा, एकातून वजा करा. ८९ टक्के अडलं. समजा गोडं पाणी मिनिटाला २०० मिली आणि वेस्ट ५०० मिली. म्हणजे ७०० पैकी २००, साधारण २९ टक्के पाणी कामी आलं.

आता पॅरासिटामॉलचा आकडा टीडीएसवरून तशाच काढलेल्या टक्केवारीशेजारी ठेवा. मीठ ९५ टक्क्यांच्या वर अडतंय आणि पॅरासिटामॉल कमी, तर मेम्ब्रेन चांगली आहे, रेणूच लहान आहे. दोन्ही पडले तर हाउसिंग उघडून मेम्ब्रेनची ओ-रिंग बघा. ती दुमडली की कच्चं पाणी बाजूनं गोड्या नळीत घुसतं.

एक विचारण्यासारखी शंका: पाण्यात औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि आपण मिलिग्रॅममध्ये टाकतोय, मग निकाल लागू कसा? एवढ्या विरळ पाण्यात अडण्याची टक्केवारी प्रमाणानुसार फारशी बदलत नाही, म्हणून मेम्ब्रेनची तुलना करायला हा प्रयोग चालतो. गावच्या पाण्यात औषध आहे की नाही हे मात्र यावरून ठरत नाही. त्यासाठी ती तपकिरी बाटलीच पाठवावी लागते.

प्रयोगातून घटकाकडं

खऱ्या घटकात मेम्ब्रेन मोठी असते. ४ इंच व्यासाची, ४० इंच लांबीची, म्हणून तिला ४०४० म्हणतात. तिचं क्षेत्रफळ साधारण ८ चौरस मीटर. नदी-तळ्याच्या पाण्यावर दर चौरस मीटरमागे तासाला २० लिटरपेक्षा जास्त ओढू नका, म्हणजे एका मेम्ब्रेनकडून १६० लिटर. जास्त ओढलं की पृष्ठभागावर घाण साचते, तिथंच प्रदूषकही दाटतात आणि पलीकडं जास्त उतरतात.

नाल्याचं पाणी थेट आरओवर कधीही घेऊ नका. आधी तुरटी आणि वाळू, किंवा यूएफ. पाणी आरओला द्यायच्या लायकीचं आहे का हे एसडीआयनं (सिल्ट डेन्सिटी इंडेक्स, म्हणजे बारीक गाळाचा निर्देशांक) ठरतं. ०.४५ मायक्रॉनच्या कागदातून ३० पीएसआय दाबानं पंधरा मिनिटं पाणी सोडायचं आणि तो कागद किती चोंदला ते मोजायचं. आकडा ५ च्या वर असेल तर थांबा, ३ च्या आत असेल तर उत्तम.

डिसेंबरमध्ये गोड्या पाण्याची धार कमी झाली की लगेच अॅसिडनं धुवायची घाई करू नका. पाणी एक अंशानं गार झालं की धार साधारण ३ टक्क्यांनी घटते. बेळगावच्या थंडीत दहा अंशांचा फरक सहज पडतो, आणि त्यात मेम्ब्रेनचा काही दोष नसतो. तापमानाचा हिशेब करूनही धार १० ते १५ टक्क्यांनी कमी असेल तेव्हा धुवा. बुळबुळीत थर असेल तर आधी अल्कली, चुन्याचा थर असेल तर सायट्रिक अॅसिड. दोन्ही एकत्र कधीच नाही.

वेस्टची नळी

शंभर लिटरपैकी ७५ लिटर गोडं काढलं तर उरलेल्या २५ लिटरमध्ये अडवलेलं सगळं चौपट दाटतं. एका गावात मी ती नळी जुन्या विहिरीच्या कठड्यापाशी सोडलेली पाहिली. मीठ, नायट्रेट आणि जे काही असेल ते त्याच जमिनीत मुरत होतं आणि बोअरमधून पुन्हा घटकात येत होतं. कुणी वाईट हेतूनं केलं नव्हतं. घटक बसवताना नळीचा विचारच झाला नव्हता.

साध्या बोअरच्या पाण्याचं वेस्ट संडास आणि फरशी धुण्याला वापरता येतं. जिथं सांडपाणी मिसळण्याची शक्यता आहे तिथलं वेस्ट कोथिंबीर-मेथीच्या वाफ्यात सोडू नका. ते आधी दाणेदार कोळशाच्या टाकीतून जाऊ द्या. भार नसलेली, पाण्याला न आवडणारी औषधं कोळसा चांगली पकडतो. मीठ आणि काही लहान फ्लोरिनयुक्त रेणू तो सोडतो, म्हणून त्यानंतरही पाणी तळाला अस्तर दिलेल्या खड्ड्यातच जावं. भरलेला कोळसा उकिरड्यावर टाकला तर पावसानं सगळं पुन्हा सुटेल. तो घेऊन जाण्याची अट पुरवठादाराबरोबरच्या कागदातच लिहून घ्या. ग्रामपंचायतीत नव्या घटकाचा विषय निघाला की पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) नकाशावर वेस्टची नळी दाखवायला सांगा, आणि तिचं टोक पिण्याच्या विहिरीपासून किती दूर आहे ते मोजा.

तुमच्या ड्रममध्येही सहा तासांनंतर जवळजवळ अख्खी गोळी शिल्लक आहे. ते पाणी मोरीत ओतू नका. आता कोळशाची कॅन्डल जोडा आणि मेम्ब्रेन काढून ड्रममधलं पाणी कॅन्डलमधून फिरवत राहा. दर अर्ध्या तासानं २४३ ला वाचन घ्या. ते कोऱ्या नमुन्याजवळ आलं की ड्रम रिकामा करा, कॅन्डल वाळवून बंद पिशवीत घाला आणि कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यात नोंद करून द्या.